थ्रॉटल ओढलं की शेत नेहमी लांबच का राहतं?

तुमचा प्रश्न मी असा समजले. साठेक तास झालेत, सेसना १७२ वर शिकताय. आपल्या तळावर, सर्किटच्या (धावपट्टीभोवतीच्या चौकोनी फेरीच्या) डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने उडत असताना, प्रशिक्षकांनी इंजिन गेलंय असं समजून थ्रॉटल मागे ओढलं, इंजिनाचा जोर काढला, तर तुम्ही व्यवस्थित धावपट्टीवर येता, कारण गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपाशी बेसला (धावपट्टीकडे आणणाऱ्या आडव्या बाजूला) वळायचं हे ठरलेलं आहे. पण दुसऱ्या तळावर किंवा ट्रेनिंग एरियातल्या एखाद्या शेतावर तेच करायला सांगितलं की कमी पडता, अलीकडेच खाली येता. एकदा तर कमी पडायचंच नाही म्हणून इतके उंच राहिलात की शेत पोटाखालून निघून गेलं. यावर तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. हे सुधारायचं कसं? इंजिन खरोखर बंद करून सराव केला तर लवकर जमेल का? आणि सोलोला गेल्यावर एकट्याने हा सराव करावा का?

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: नाही. का, ते पुढे येईल. तिसऱ्याचं शेवटी. पहिल्यावर मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तुम्हाला वाटतंय की तुमचा अंदाज कच्चा आहे. मला तसं वाटत नाही. तुमचा अंदाज चांगला पक्का झालाय, फक्त तो भलत्याच गोष्टीचा आहे.

साठ तासांत तुमची दोनशेच्या आसपास लँडिंग झाली असतील. त्यातली बहुतेक इंजिनाचा थोडा जोर ठेवून, तीन अंशांच्या उताराने. जिथे पापी (उतार बरोबर आहे का ते रंगाने दाखवणारे) दिवे आहेत तिथे दोन पांढरे, दोन लाल बघत (नाव पापी असलं तरी काम पुण्याचं करतात). धावपट्टी समोर कशी दिसली पाहिजे, किती लांबट, किती चपटी, हे चित्र डोळ्याने दोनशे वेळा गिरवलंय. आता इंजिनाशिवायचं गणित करा. १७२ ची पुस्तकी घसरण साधारण एकास नऊ. नऊ फूट पुढे गेलं की एक फूट खाली. हा कोन सहा अंशांहून थोडा जास्त भरतो, म्हणजे सवयीच्या उताराच्या दुप्पट. समोरून १५ नॉटचा वारा असेल तर तेच प्रमाण एकास सातवर येतं, कोन आठ अंश होतो. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) टाकले की आणखी खडा.

याचा अर्थ लक्षात घ्या. तुम्ही अगदी बरोबर जागी असता तेव्हा डोळा ओरडून सांगत असतो, "अरे, फार उंच आहेस!" तुम्ही डोळ्याचं ऐकता, नकळत डाउनविंड लांबवता, बेस रुंद घेता. मग कधीतरी ते ओळखीचं चपटं चित्र दिसतं, जिवात जीव येतो. त्या क्षणी तुम्ही कमी पडलेले असता. आपल्या तळावर हे होत नाही, कारण तिथे डोळा वापरावाच लागत नाही; टाकी आली की वळायचं. पाढे पाठ आहेत, गुणाकार अजून यायचाय.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी मी आकडे देत नाही, बोटं देते. हात पूर्ण लांब करा, चार बोटं आडवी धरा, वरचं बोट क्षितिजाला टेकवा. सरासरी माणसाच्या हाताला ही चार बोटं सात-आठ अंश झाकतात. खालच्या बोटाच्या खाली जे दिसतंय तिथवर तुम्ही शांत हवेत पोहोचता, आणि थोडी उंची शिल्लकही राहते. बोटांच्या आड जे झाकलं गेलंय ते संशयास्पद, त्यातलं वरचं तर सोडूनच द्या. यातली गंमत अशी की हे ४,००० फुटांवरही तेवढंच खरं आणि ८०० फुटांवरही, कारण कोन उंचीवर अवलंबून नाही. पाण्याची टाकी एकाच गावात असते, क्षितिज सगळीकडे असतं. मे महिन्यात धुरकट हवेत ते नीट दिसत नाही, सह्याद्रीच्या बाजूला डोंगर त्याला झाकतात, तेव्हा ते कुठे असायला हवं याचा अंदाज घ्यावा लागतो, हे मान्य.

वाऱ्याची दुरुस्ती यावरच करायची. वारा पाठीवर असेल तर चार बोटांच्या थोडं पलीकडेही पोहोचता येईल, समोरून असेल तर पाचवं बोट जोडा. म्हणूनच "हाय की" आणि "लो की" या, इंजिनाशिवाय उतरताना ठरावीक उंचीवर गाठायच्या, जागा शिकवताना मी आकडे सांगितले तरी त्यांच्यावर विसंबू देत नाही. आकड्यांत आणखी एक खाच आहे. दख्खनच्या पठारावर जमीनच समुद्रसपाटीपासून दीड-दोन हजार फुटांवर आहे. क्यूएनएच लावलेला, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा, उंचीमापक ३,००० दाखवत असताना पायाखाली जेमतेम हजार-दीड हजार फूट असतात. तळावर हे ध्यानात राहतं. तिथून २५ मैलांवर, जमीन चढत गेलेली असताना, राहत नाही.

हजार फुटांची किंमत एकदा नीट समजून घ्या. नवीन १७२-एस असेल तर उत्तम घसरणीचा वेग पूर्ण वजनाला ६८ नॉट आहे, १७२-आर चा ६५, जुन्या, लहान सेसना १५२ चा ६०. तुमच्या विमानाच्या पुस्तकात असेल तोच खरा, माझा नाही. या वेगाला १७२ मिनिटाला सातशे-साडेसातशे फूट खाली येतं. म्हणजे हजार फूट हे ऐंशीएक सेकंद, सरळ रेषेत दीड सागरी मैल, पावणेतीन किलोमीटर. त्यातून डाउनविंडहून फायनलवर (धावपट्टीच्या सरळ रेषेत) यायचं १८० अंशांचं वळण, तीस अंश कलून घेतलं, तर अडीचशे ते तीनशे फूट खातं. इंजिन गेल्यावर माणूस तीन-चार सेकंद काहीच करत नाही, नुसता ऐकत बसतो, त्यातही चाळीस-पन्नास फूट संपत नाहीत असं धरू नका. उरतं किती, तुम्हीच मोजा. डाउनविंड लांबलचक ओढणाऱ्या विद्यार्थ्यावर मी खेकसते ते एवढ्यासाठी.

आता खाली येतानाची गोष्ट. शेताच्या किंवा धावपट्टीच्या पहिल्या तृतीयांशावर एक बिंदू धरा, अगदी टोकावर नाही. वेग स्थिर, ट्रिम (हात न लावता नाक जागेवर धरणारी जुळणी) नीट. हे ट्रिमचं मी मुद्दाम सांगते, कारण निम्मे विद्यार्थी ट्रिम न करता हाताने नाक धरून बसतात आणि शेत बघायला मान वळवली की वेग दहा नॉट इकडेतिकडे होतो. वेग स्थिर असेल तर काचेतला तो बिंदू तुमच्याशी बोलतो. वर सरकत गेला तर कमी पडताय. खाली सरकत गेला तर ओलांडून जाताय. जागच्या जागी मोठा होत गेला तर तिथेच पोहोचणार. वेग हलता असेल तर मात्र बिंदूही खोटं बोलतो, आणि तुम्हाला ते कळत नाही.

कमी पडताय असं दिसलं की हात आपोआप काय करतो ते तुम्हाला माहीत आहे: नाक उचलतो. थोडा वेळ शेत जवळ आल्यासारखं वाटतंही. प्रत्यक्षात वेग ६८ वरून ५५ वर येतो, विमान जास्त झपाट्याने खाली यायला लागतं, आणि फ्लॅप वर असताना १७२-एस चा स्टॉल, म्हणजे पंखांनी विमान उचलून धरणं सोडून देणं, ४८ नॉटला, तेही सरळ उडताना. ४५ अंश कललात तर हाच आकडा १९ टक्क्यांनी वाढतो. घसरण ताणता येत नाही. कमी पडतच असाल तर नाक जागेवर ठेवा आणि जवळचं दुसरं शेत घ्या, किंवा बांधाच्या अलीकडेच उतरा. वेगावर ताबा ठेवून वाईट जागी टेकलेलं विमान परवडतं, ताबा सुटून चांगल्या शेतावर पडलेलं परवडत नाही. याचं गणित साधं आहे. ताशी ८० किलोमीटरवरून थांबताना शरीराला ९ जीचा धक्का बसावा म्हटलं तर पावणेतीन-तीन मीटर पुरतात. ताशी १६० ला तेच अंतर चौपट लागतं. म्हणून वाऱ्याकडे तोंड करून उतरणं ही नुसती परीक्षेतली ओळ नाही.

याउलट उंच असणं हे दुखणं नाहीच, फक्त उंची घालवायची हत्यारं हाताळता आली पाहिजेत. फ्लॅप हे पहिलं, आणि एकदा टाकले की परत घ्यायचे नाहीत या भावनेने वापरायचं. शेत नक्की गाठतोय अशी खात्री होईपर्यंत पूर्ण फ्लॅप नाहीत. १७२ चे फ्लॅप विजेवर चालतात, म्हणून मास्टर स्विच बंद करायच्या आधी ते हवे तेवढे टाकून झालेले असावेत. हा क्रम परीक्षेत तोंडपाठ म्हणणारे विद्यार्थी विमानात हमखास उलटा करतात. दुसरं हत्यार नागमोडी वळणं, पण शेताकडे पाठ न करता. तिसरं साइडस्लिप, आणि इथे आपल्याकडचे विद्यार्थी फार कच्चे असतात, कारण सर्किटमध्ये त्याची गरजच पडत नाही. एक पंख खाली, उलट पायाचा रडर (शेपटीचं सुकाणू), नाक शेतापासून थोडं तिरकं, वेग तोच. विमान दगडासारखं उतरतं आणि तुम्ही सोडलंत की लगेच सरळ होतं. १७२ मध्ये २० अंशांपेक्षा जास्त फ्लॅप असताना खडी स्लिप टाळा असं पुस्तक सांगतं, शेपटीला थोडी थरथर येते म्हणून. तुमच्या विमानाचं पुस्तक काय म्हणतं ते आधी पाहा.

साइडस्लिपचं नाव निघालं की गिमलीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं बोइंग ७६७, किलो आणि पौंडांच्या घोळात इंधन कमी भरलं गेलेलं. ४१,००० फुटांवर असताना इंधन संपायला लागलं, आणि खाली येता येता दोन्ही इंजिनं गेली. कॅप्टन रॉबर्ट पीअरसन ग्लायडर उडवणारे. को-पायलट मॉरिस क्विंटल यांनी किती मैलांत किती हजार फूट गेले ते मोजलं, १० मैलांना ५,००० फूट, म्हणजे साधारण एकास बारा, आणि विनिपेग गाठता येणार नाही हे कळलं. मग गिमलीचा जुना हवाईदलाचा तळ, जिथे क्विंटल यांनी पूर्वी नोकरी केली होती. जवळ आल्यावर लक्षात आलं की आता उंची जास्त आहे. पीअरसन यांनी प्रवाशांसकट ७६७ साइडस्लिपमध्ये घातलं, आणि ज्या धावपट्टीवर त्या दिवशी मोटारींच्या शर्यती होत्या तिथे उतरवलं. ६९ जण होते, सगळे वाचले. या गोष्टीत लोकांना स्लिप लक्षात राहते. मला क्विंटल यांची ती मोजणी जास्त मोलाची वाटते. पुस्तकातला आकडा त्यांच्याकडे नव्हता, म्हणून विमान जे करत होतं तेच मोजून त्यांनी निर्णय दिला.

मी स्वतः ग्लायडरवरून विमानाकडे आले. पुण्यात हडपसरला विंचच्या दोरीने वर जायचं आणि काही मिनिटांत खाली. तिथे प्रत्येक लँडिंग इंजिनाशिवायचं, त्यामुळे "आणीबाणी" हा शब्दच नव्हता. गो-अराउंड (उतरणं सोडून जोर लावून पुन्हा वर जाणं) नाही, दुसरी संधी नाही. ग्लायडरची घसरण १७२ पेक्षा कितीतरी लांब जाणारी असली तरी डोळा एकच गोष्ट शिकतो: उंच या, आणि मग एअरब्रेकने उंची कापा. ज्यांना शक्य आहे त्यांनी दहा-बारा लाँच तरी घ्यावेत. यापेक्षा स्वस्त शिकवणी मला माहीत नाही.

आता इंजिन खरंच बंद करण्याबद्दल. तुमचं म्हणणं बरोबर आहे की आपला सराव थोडा खोटा असतो. रिकामं फिरणारं इंजिन पंख्याला थोडा हात देत असतं. खरं बंद पडलेलं इंजिन हवेच्या जोराने फिरतं, आणि ते फिरवण्याची ओढ विमानाला सोसावी लागते, म्हणून खरी घसरण सरावापेक्षा खडी असते. (पंखा पूर्ण थांबला तर ओढ उलट कमी होते, पण तो थांबवायच्या नादात वेग घालवू नका.) पण एवढ्या थोड्या फरकासाठी गो-अराउंडची सोय सोडून द्यायची? गरम इंजिन, त्यातही फ्युएल इंजेक्शनचं, हवं तेव्हा पुन्हा चालू होतंच असं नाही. पोहायला शिकवताना पाठीला भोपळा बांधतात, दगड नाही. अमेरिकेच्या स्पेस शटलचं बघा. ते कायमच इंजिनाशिवाय, वीसेक अंशांच्या उताराने खाली यायचं. त्याच्या वैमानिकांना शिकवायला नासाने गल्फस्ट्रीम जेट घेतलं, त्याची चाकं खाली सोडून आणि थ्रस्ट रिव्हर्सर (इंजिनाचा जोर उलटा वळवणारी झडप) हवेतच उघडून ते शटलसारखं खडं उतरवलं. डोळ्याला खरा कोन दाखवला, इंजिनं मात्र चालूच ठेवली. तुम्ही एवढंच करा: सरावात धावपट्टी पहिला एक-तृतीयांश भाग सोडून पुढेच सुरू होते असं माना. तो फरक त्यात जिरतो.

इंजिन चालू असतानाही हा सराव धोक्याचा होऊ शकतो, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. जुलै महिना, १५२, हवेत ओल भरलेली, ढग बरेच वर. विद्यार्थ्याकडून शेतावर उतरण्याचा सराव करून घेत होते. कार्बोरेटर हीट (कार्बोरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून गरम हवा सोडणारी कळ) थ्रॉटल ओढण्याआधी ओढायची असते. मी थ्रॉटल आधी ओढलं, हीट नंतर आठवली. शिवाय दर पाचशे फुटांना थ्रॉटल पुढे करून इंजिन मोकळं करायचं, तेही राहिलं, कारण विद्यार्थी चुकतोय कुठे हे बघण्यात मी गुंग. सहाशे फुटांवर "गो-अराउंड" म्हटलं, थ्रॉटल पुढे गेलं, आणि इंजिन खोकलं. दोन-तीन सेकंदच असतील. तेवढ्यात मी ते शेत पहिल्यांदा खऱ्या नजरेने पाहिलं, आणि त्याच्या मधोमध विजेचा खांब दिसला. १,५०० फुटांवरून दोघांनाही दिसला नव्हता. मग इंजिनाने जोर धरला, आम्ही वर आलो, आणि घरी येईपर्यंत कुणीच काही बोललं नाही. बर्फ उणे तापमानातच धरतो असं ज्यांना वाटतं त्यांनी पंचवीस अंशांच्या दमट पावसाळी हवेची भीती बाळगावी. तुमचं १७२ आर किंवा एस असेल तर इंजेक्शनचं आहे, हा विशिष्ट त्रास नाही. जुनं असेल तर आहे.

त्या खांबापासून शेतं बघण्याची माझी पद्धत बदलली. तार वरून दिसत नाही, खांब दिसतात, म्हणून खांब शोधा आणि मनात तारा जोडा. जिथे विहीर तिथे मोटर, जिथे मोटर तिथे खांब, हे आपल्या भागात धरूनच चाला. द्राक्षबाग वरून हिरवीगार, सरळ रेघांची, छान सपाट दिसते. आत लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा असतात, तिकडे बघूही नका. शेडनेट आणि शेततळी अलीकडे इतकी झालीत की गेल्या वर्षीचं ओळखीचं शेत या वर्षी तसंच असेल याची खात्री नाही. उभा ऊस दहा-बारा फूट उंच, त्यात उतरणं म्हणजे त्याच्या शेंड्यांना जमीन मानून विमान त्यावर हळूच टेकवणं आणि पुढे नशिबाने खाली जाणं, अगदीच दुसरं काही नसेल तर. ताजी नांगरट असेल तर काळ्या मातीची ढेकळं पुढचं चाक तोडतात. पावसात तीच काळी जमीन चाकं गिळते आणि विमान नाकावर उलटतं. मला आवडतं ते कापणी झालेलं हरभऱ्याचं किंवा गव्हाचं रान, गावाचं गायरान, मुरमाड माळ. ज्वारीची धसकटं टायरला वाईट, पण माणसाला चालतात. पेरणीचे तास ज्या दिशेने असतील त्याच दिशेने उतरा, आडवं नको, मग वारा थोडा बाजूने आला तरी चालेल. हमरस्ता मोहात पाडतो. दोन्ही बाजूंच्या तारा आणि गळीत हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या आठवा.

वारा ओळखायला आपल्याकडे साखर कारखान्याचं धुराडं आहे, पाचट जाळल्याचा धूर आहे, शेततळ्याच्या वाऱ्याकडच्या काठाला न हलणारं पाणी आहे. टेकऑफच्या वेळी वारा कुठून होता हे लक्षात ठेवणं सगळ्यांत सोपं, आणि सगळ्यांत जास्त विसरलं जाणारं.

उड्डाणानंतर लगेच इंजिन गेलं तर परत वळावं का, हा तुम्ही न विचारलेला प्रश्न, पण याच कुळातला. थोडक्यात: मागे वळणं १८० अंशांचं नसतं. ६५ नॉटला तीस अंश कलून अर्धवर्तुळ केलंत की तुम्ही धावपट्टीपासून चारशे मीटर बाजूला निघता, म्हणजे आणखी वळा, मग परत उलट वळा. त्यातच वारा आता पाठीवर. माझ्याकडे विद्यार्थ्यांना नियम एकच आहे: सर्किटची उंची गाठेपर्यंत समोर आणि दोन्ही बाजूंना तीस अंशांत जे असेल तिथे. अनुभवी माणसाने आपल्या विमानाचा आकडा सुरक्षित उंचीवर, चार सेकंद हात बांधून बसून मग वळून, मोजून ठरवावा. साठ तासांना हा विषय नको.

सरावाचा क्रम काय ठेवावा हे तुमच्या विमानावर, तळावर, प्रशिक्षकांवर आणि संस्थेच्या टीपीएमवर (प्रशिक्षणाच्या नियमपुस्तिकेवर) अवलंबून आहे, त्यामुळे मी करते तो सांगते. पहिल्या सॉर्टीला (सरावाच्या उड्डाणाला) आम्ही कुठेच उतरत नाही. ४,००० फुटांवर थ्रॉटल ओढून क्रूझचा जास्तीचा वेग आधी सपाट उडून खर्चायचा, घसरणीच्या वेगाला ट्रिम करायचं, आणि हात सोडून नुसतं बाहेर बघायचं: कुठला बिंदू हलत नाही? मग चार बोटं लावून तपासायचं. त्याच सॉर्टीत मुद्दाम नाक उचलून वेग ५५ ला आणायचा आणि थोड्या वेळाने तो बिंदू काचेत कसा वर पळतो ते दाखवायचं. हे एकदा डोळ्याने पाहिलं की मग लाख वेळा सांगावं लागत नाही. पुढच्या खेपेला तळावर, पण दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून: कधी धावपट्टीच्या डोक्यावर २,००० फुटांवरून, कधी डाउनविंडच्या अलीकडून, कधी उजव्या हाताच्या सर्किटवरून. टाकी दिसली तरी उपयोगाची राहू नये हा हेतू. तिसऱ्या टप्प्यात अनोळखी तळ. शेतं सगळ्यांत शेवटी, आणि तिथे पाचशे फुटांखाली जायचं नाही, संस्थेची मर्यादा त्याहून वर असेल तर ती. इंधनाचा सिलेक्टर, मिक्श्चर, पंप, मॅग्नेटो, मे-डेची हाक, ट्रान्सपाँडरवरचा ७७०० हा संकटाचा आकडा हे सगळं यात हळूहळू मिसळायचं. सुरुवातीलाच चेकलिस्टचा मारा केला तर विद्यार्थी आत बघत बसतो आणि शेत बाहेर राहतं.

मोजपट्टी हवी असेल तर अमेरिकेत कमर्शिअल लायसन्सच्या परीक्षेत डाउनविंडला इंजिन आयडलला आणून ठरवलेल्या बिंदूपासून पुढे २०० फुटांच्या आत टेकावं लागतं, अलीकडे एक फूटही चालत नाही. एक फूटही नाही, हे मला फार आवडतं. कमी पडणं आणि पुढे जाणं या दोन सारख्या चुका नाहीत.

आणि सोलो. टीपीएममध्ये परवानगी नसेल तर विषय संपला. असेल, आणि तुमच्या प्रशिक्षकांनी त्या दिवशीच्या वाऱ्यात हो म्हटलं असेल, तर फक्त आपल्या तळावर, धावपट्टी हाताशी असताना ग्लाइड अप्रोच करा, आणि ३०० फुटांवर मन साशंक असेल तर थ्रॉटल पुढे करा. शेतावरचा सराव एकट्याने नको. खाली बघत असताना समोरचं विमान, पक्षी, डोंगराची सोंड बघायला दुसरे डोळे लागतात, आणि खांब बघायलाही.

त्याआधी एक फुकटचं काम करता येईल. दुसऱ्या विद्यार्थ्याच्या सॉर्टीत मागच्या सीटवर बसायला मिळत असेल तर बसा. त्याचं थ्रॉटल ओढलं गेलं की हात लांब करा, चार बोटं क्षितिजाला लावा, आणि तो कुठे पोहोचणार हे मनात ठरवून वहीत लिहा, त्याने बेसला वळायच्या आधी. पाच-सहा खेपा झाल्या की तुमच्या वहीत काय निघालं ते मला कळवा. किती वेळा बरोबर आलं यापेक्षा चुकलं तेव्हा कुठल्या बाजूला चुकलं ते लिहा, आणि वारा कुठून होता तेही.